बाबांच्या कद्दिशसाठी दहावा माणूस

रविवार, गणपती बसायच्या आधीचा. पेण, आम्हा बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कबरस्तान. हजर: पेणचे चार, रोह्याचे तीन, पनवेलचे दोघे भाऊ, शेजारचे भातशेतीवाले दादा आणि मी. बाबा कफनात.

कद्दिश ही गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. तिला आमच्यातले दहा पुरुष लागतात. बाईची गणती होत नाही. माणसं जमवायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. पहाटे बाबा गेल्याचं कळताच मी रोह्याहून यादी काढून फोन केले. दहा नावं, दहा खुणा. कबरीपाशी रोह्याच्या काकांनी मोजलं, तर नऊच भरले. यादीत पहिलं नाव बाबांचं होतं. त्यांच्यापुढे मी नेहमीच न विचारता खूण करायची. त्या दिवशीही केली.

चुलते इस्राएलला गेले तेव्हा बाबा मागे राहिले. देवाने वचन दिलंय असं ते सांगत: तू दार उघड, माणसं मी आणीन.

"एसटीनं आणणार काय देव?" धाकट्या चुलत्यांनी विचारलं होतं.

बाबा दर शनिवारी दुखरा गुडघा घेऊन चालतच जात, शब्बाथला, आमच्या विसाव्याच्या वारी, रिक्षा करायची नाही म्हणून. प्रार्थनालय उघडत. बहुतेकदा आत एकटेच.

अलिबागच्या एका वृद्ध गृहस्थांना मी फोन केला. ते लगेच निघाले आणि वडखळला मूर्तींच्या टेम्पोंमागे अडकले. ऊन उतरत चाललं, आणि दफन अंधाराआधी व्हायला हवं होतं.

शेजारचे दादा म्हणाले, "मी उभा ऱ्हातो टोपी घालून. कोणाला कळणार हाय?"

"ज्याच्यासमोर उभं ऱ्हायचं त्याला," काका म्हणाले.

"काका, आजच्यापुरतं," मी म्हटलं.

"तुझ्या बापानं कधी नऊवर भागवलं काय गो? एकदा जरी भागवलं असतं, तरी मी नाय म्हटलं नसतं."

 कद्दिश न म्हणताच माती लोटली. अलिबागचे गृहस्थ पोचले तोवर पनवेलचे भाऊ निघून गेले होते.

नंतर दोनदा जमवून पाहिलं. एकदा रोह्याचे एकजण दवाखान्यात, एकदा अलिबागकरांना ताप. आता मी शुक्रवारीच पेणला मुक्कामाला जाते आणि शनिवारी दार उघडते. त्या वचनावर माझा विश्वास आहे का, ते सांगता येत नाही. बाबांनी उघडलं, म्हणून उघडते.

पनवेलच्या धाकट्याचा इस्राएलचा व्हिसा आला आहे. तो जाण्याआधी एकच रविवार आहे. आठजण येतो म्हणाले. दोघांना फोन करायचा आहे.