गप्प राहिले म्हणजे कबूल नव्हतं

मुंबई ऑफिसचे साहेब रोह्याच्या प्लांटवर आले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा सगळ्यांकडे फिरवला. माझी मेल मोठ्यानं वाचली. ‘नमस्कार सर. तब्येत बरी असेल. घरी सगळे खुशाल ना? आमची बंद केलेली बस पुन्हा सुरू व्हावी, ही विनंती.’

ऑफिसातली माणसं हसली.

“मॅडम, मामाला पत्र लिहिताय का? विचारलं तेव्हा गप्प होतात. गप्प म्हणजे कबूल,” साहेब म्हणाले.

नव्याण्णव सालची गोष्ट. कंपनीत मेल नुकतीच आलेली. मुंबई, पुणे आणि आम्ही, असा एक ग्रुप. रोह्याकडून लिहायचं काम माझं. दुसऱ्या शिफ्टची पेणकडची बस बंद केली तर चालेल का, असं साहेबांनी त्यात विचारलं होतं. त्या बसनं आम्ही बायका घरी जायचो. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. बस गेली.

वडखळपलीकडं आमचं खाडीकाठचं गाव. आई मिठागरात राबली. मालकानं न पटणारं काही सांगितलं की बायका बोलत नसत. मान खाली घालून मीठ ओढत राहायच्या. मालक काय ते समजून निघून जायचा. “मोठ्या मानसाला तोंडावर नाय बोलू नये गो,” आई म्हणायची. आमच्यात गप्प बसणं हाच नकार. पण तो कळायला माणूस समोर लागतो. मेलमध्ये माझी खाली घातलेली मान कुणाला दिसणार होती?

“कबूल करून आता तक्रार केलीत, म्हणून सगळ्यांना माफीची मेल पाठवा, विषय संपवा,” साहेबांनी खुर्ची पुढं केली.

मी बसले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा संताप जास्त. लिहिलं: ‘बस बंद करायला आमची संमती नव्हती. आजही नाही. माफी मागणार नाही.’ सगळ्यांना पाठवलं.

कुणाचंच उत्तर आलं नाही. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बायकाही लांब बसू लागल्या. नोकरीची भीती त्यांनाही होतीच. मला मात्र ते फार लागलं. डबा एकटीनं खायचे.

ग्रुपमधून माझं नाव काढणार, असं कानावर आलं. मी साहेबांनाच लिहिलं, काढा. नाव आहे तोवर रोज लिहीन. काढलंत तर मुंबईला येऊन तुमच्या टेबलासमोर उभी राहीन. माझा होकार मी दिल्याशिवाय कुणी धरायचा नाही.