पुठ्ठ्याची कार्डं

मंगळवारी सकाळी बाबा वारले. सोमवारी त्यांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर ठेवलं होतं आणि आत मदरबोर्ड बसवला होता. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड तेवढं ठरायचं होतं.

मी तेव्हा अमरावतीत होते, नोकरी करते त्या कॉलेजच्या लायब्ररीत. फोन आला आणि मिळेल त्या बसने अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरपर्यंतचं काहीच आठवत नाही. तिथे बस थांबली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, पाणी घेता का, आणि मी घेतलं, एवढं आठवतं.

जलदानविधी झाला, विहारातली मंडळी गेली, नातेवाईक एकेक करून परतले. त्यानंतर एका दुपारी आई टेबल पुसत होती. कॅबिनेट न हलवता तिने त्याच्याभोवतून फडकं फिरवलं आणि म्हणाली, "याचं आता काय करायचं?"

कॅबिनेटच्या बाजूला चपलांचं एक खोकं होतं. त्यात पुठ्ठ्याची चार कार्डं होती.

बाबा भूमापक होते. सरकारी नोकरीत त्यांनी वऱ्हाडातली कितीतरी शिवारं साखळी धरून मोजली. निवृत्त झाल्यावर मोजायला शिवार उरलं नाही, पण सवय उरली. गॅसची शेगडी घ्यायची तरी ते आधी वर्तमानपत्राचा कागद त्या आकाराचा कापून ओट्यावर अंथरत. "कागद पुन्हा कापता येते, शेगडी नाही," असं म्हणत. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. जे कार्ड मनात येई, त्याची लांबी, रुंदी, जाडी कंपनीच्या माहितीतून उतरवून घ्यायची, मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा त्या मापाने कापायचा, चिकटवून खरोखरीच्या जाडीचं खोटं कार्ड करायचं आणि कॅबिनेटमध्ये जागेवर बसवून पाहायचं. तारांना वाट राहते का, पंख्यासमोर दोन बोटं अंतर उरतं का. मग पाठीवर पेन्सिलीने शेरा लिहायचा.

चारपैकी दोन कार्डांवर फुली होती. एक लांबीला जास्त होतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, "अगदी नवीन. अजून दोन वर्षं थांबावे." नव्याकोऱ्या कार्डाशी लिनक्सची, म्हणजे बाबा कॉम्प्युटर ज्या खुल्या प्रणालीवर चालवत तिची, ओळख व्हायला वेळ लागतो, म्हणून बाजारात थोडं जुनं झालेलंच घ्यावं, असं त्यांचं मत होतं.

उरली दोन. एकावर "नकाशा उघडा" आणि दुसऱ्यावर "वेगवान. हद्द दाखवत नाही." या दोन्हींवरून वर्षभर माझा आणि बाबांचा वाद चालला होता.

बाबा लिनक्सकडे कसे गेले ते सांगायला हवं. निवृत्तीनंतर त्यांनी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी सोबत होते. दुकानदाराने सगळं जोडून दिलं आणि म्हणाला, "काका, आतले प्रोग्रामबी टाकून देतो. त्याचे काही पैसे लागत नाही."

"कोणी दिले तुम्हाले?"

"कोणी दिले म्हणजे? सीडी आहे आपल्यापाशी."

"ज्याचे आहेत त्यानं दिले का?"

दुकानदार हसला. "काका, सगळं अकोला हेच चालवून राहिलं."

"मंग सगळ्या अकोल्याचं अतिक्रमण आहे म्हणा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी रिकामाच कॉम्प्युटर ऑटोत घातला.

घरी येईपर्यंत मी चिडले होते. ते मात्र शांत होते. रोज सकाळी पंचशील म्हणताना न दिलेली वस्तू घेणार नाही असं म्हणतो, मग दुकानात गेल्यावर ते विसरायचं कसं, एवढंच ते बोलले. पुढच्या रविवारी मी अमरावतीहून एका सहकाऱ्याकडून लिनक्सची डिस्क आणली. ही ज्यांनी बनवली त्यांनीच वाटायला दिलेली आहे, आतली रचनाही पाहता येते, असं सांगितल्यावर बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे सातबाऱ्यासकट," ते म्हणाले. साठीच्या माणसाने त्यानंतर आज्ञा टंकून कॉम्प्युटर चालवायला शिकावं हे मला तेव्हा हट्टाचं वाटलं होतं. आता त्या सकाळी आठवतात: मी आणलेली डिस्क, आईचा चहा, आणि वहीत एकेक आज्ञा लिहून घेणारे बाबा. त्यांचं अक्षर मोजणीच्या वहीत असे तसंच सुटं आणि सरळ होतं.

वादाचं मूळ मात्र आई होती.

आमचं गाव दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथल्या जमिनीत आणि पाण्यात मीठ. गाव अजून आहे, पण आमची आळी नाही. घरं पडली, काहींच्या जागेवरून रस्ता गेला. आईचे गुडघे गेल्यापासून ती गावाला जाऊ शकत नव्हती, आणि गेली असती तरी पाहायला काही नव्हतं. तेव्हा बाबांनी कॉम्प्युटरवर गाव बांधायला घेतलं. नुसता नकाशा नव्हे. बाण दाबला की पडद्यावर आपण गल्लीतून चालत पुढे जातो असं. त्यासाठी आम्ही दोघं एकदा बसने जाऊन उरलेले पाये टेपने मोजून आलो. टेपचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं त्यांच्या. बाभळीखाली बसून आम्ही डबा खाल्ला. मोजणीच्या कामाला ते कधी घरच्या कोणाला नेत नसत; मला ते पहिल्यांदाच काम करताना दिसले.

मग रोज संध्याकाळी आई खुर्चीत बसून गावात फिरायची आणि चुका काढायची.

"हे कवेलू कुठचे? टीनं होते आपल्या छपरावर."

"टीनं नंतर टाकले. तू नवी आली तेव्हा कवेलूच होते."

"मले सांगता? गळत कोनाच्या अंगावर होतं, तुमच्या का माह्या? आन् चुलीचं तोंड इकडं काहून केलं? धूर सगळा घरात येईन ना बाप्पा!"

"कॉम्प्युटरमधली चूल आहे ती. धूर नाही येत."

"तरी फिरवा."

बाबा वही काढून लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चूल फिरलेली असायची. "तलाठ्यापेक्षा तुही नोंद पक्की," असं म्हणायचे. तिला ते आवडायचं, पण ती दाखवायची नाही.

तो कॉम्प्युटर अकोल्याच्या उन्हाळ्याने मारला, आणि खरं सांगायचं तर आम्हीच मारला. मे महिन्यात ग्राफिक्स कार्ड तापायचं आणि गाव जागेवर थिजायचं. बाबांना वाटलं, माणसाला कूलर लागतो तसा यालाही लागेल. त्यांनी टेबल उचलून बरोबर कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. मलाही ते पटलं. मीच टेबलाचं दुसरं टोक धरलं होतं. दोन उन्हाळे बरे गेले. आमच्या बोअरचं पाणी खारं, आणि कूलरमध्ये तेच. तिसऱ्या वर्षी पडदा काळा झाला तो झालाच. झाकण काढलं तर कूलरच्या जाळीवर बसतो तसा मिठाचा पांढरा थर कार्डावर बसला होता. पंखा फिरत नव्हता. इतर भागांचंही तेच.

बाबांनी बोटाने थोडा थर खरवडून पाहिला. "शिवार मागंमागं आलं," ते म्हणाले. सगळी मोजमापं डिस्कवर सुरक्षित होती, पण गाव दिसत नव्हतं. आईने त्या संध्याकाळी खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली.

म्हणून नवा कॉम्प्युटर, आणि म्हणून तो वाद. मला वेगवान कार्ड हवं होतं. त्यावर गाव कुठेही न अडखळता चाललं असतं. पण ते कार्ड लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम कंपनी बंद करून देते. आत काय आहे ते दिसत नाही. दुसऱ्या कार्डाचा प्रोग्राम उघडा, लिनक्ससोबतच येणारा, पण त्या कार्डाचा वेग कमी. दर रविवारी मी अकोल्याला जायचे आणि हाच विषय निघायचा.

"बाबा, चोरी तर नाही ना ही? कंपनीच देते."

"देते. पण मूठ झाकून देते."

"आईला मुठीशी काय करायचं? तिला चालायचं आहे."

यावर ते उठून आत जायचे. मी जिंकले असं मला वाटायचं. मग ते वेगवान कार्डाचा पुठ्ठा घेऊन यायचे, बसवून पाहायचे, काढायचे, आणि आई आतून ओरडायची, "तुमचं दोघाचं ठरेपर्यंत मी गावाले पायी जाऊन येईन." वर्ष असं गेलं. कितीतरी वेळा मला वाटलं की सरळ एक घेऊन टाकावं. घेतलं नाही. आज वाटतं, एक वर्ष आईला तिचं गाव मिळायला हवं होतं, ते आम्ही बोलण्यात घालवलं. आणि तेच रविवार मला सगळ्यात जास्त आठवतात. या दोन गोष्टी मला एकत्र ठेवता येत नाहीत, पण दोन्ही खऱ्या आहेत.

बाबांच्या नंतर महिनाभराने मी अमरावतीच्या एका दुकानात गेले. पिशवीत पुठ्ठ्याची ती दोन कार्डं होती. दुकानदाराने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ताई, हे काय आहे?"

"मापं आहेत. बाबांनी कापलेली."

"वडलांनी केले? मिलीमीटरमध्ये बरोबर आहे हो!" मग त्याने वेगवान कार्डाचा डबा पुढे ठेवला. "हेच घ्या. सगळे हेच घेऊन राहिले. डोळे मिटून घ्या."

मी तेच घेणार होते. बाबांचा शेरा मला पाठ होता, पण आईचे गुडघे त्याहून मोठे होते. पैसे द्यायच्या आधी कोण जाणे का, मी आईला फोन लावला आणि दोन्ही कार्डांमधला फरक सांगितला. वेग, बंद मूठ, उघडा नकाशा, सगळं.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "तो पडदा काळा व्हायचा अन् तुहे बाबा घंटाभर टाइप करत बसायचे, ते कोन्त्यानं होत होतं?"

जुनं कार्डही त्याच वेगवान कंपनीचं होतं. नातेवाईकाने दिलेलं, म्हणून बाबांनी वापरलं होतं. लिनक्सची नवी आवृत्ती आली की कंपनीचा बंद प्रोग्राम कधीकधी मागे राहायचा आणि पडदा काळा व्हायचा. बाबा वही उघडून तो पुन्हा बसवायचे. मिठाचा थर बसण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी ती विसरले होते, कारण ती दुरुस्त करणारा माणूस घरात होता.

"या वेगवानवाल्यानंच," मी म्हणाले.

"मंग? मी अठी एकली. तू अमरावतीले. पडदा काळा झाला तर कोनाले बोलावू? हळू चाललं तरी चालते मले. तशीही हळूच चालतो ना मी आता."

मी डबा परत केला. दुसरं कार्ड दुकानात नव्हतं, मागवावं लागलं. ते आलं तेव्हा दुकानदाराने स्वतःच बाबांच्या पुठ्ठ्याशेजारी ठेवून पाहिलं आणि मान डोलावली.

अकोल्याला जाऊन मी कार्ड बसवलं. बाबांच्या वहीतल्या आज्ञा एकेक करून दिल्या. एका आज्ञेशेजारी त्यांनी माझं घरातलं नाव लिहून पुढे "हिला विचारणे" असं लिहिलं होतं. त्या आज्ञेचा अर्थ मलाही माहीत नव्हता. ती न देताच पुढे गेले. कार्डासाठी वेगळं काहीच बसवावं लागलं नाही. टेबल कूलरपासून लांब, भिंतीतल्या देवळीखाली लावलं.

गाव उघडलं. आईने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि बाण दाबला. घर, कवेलू, फिरवलेली चूल, विहाराचा ओटा, मग गावाबाहेरच्या गोड्या पाण्याच्या विहिरीकडे जाणारी वाट. विहिरीशी खूप दगड आहेत. बाबांनी एकेक चितारला होता. तिथे चित्र अडकलं. एक सेकंद, दोन सेकंद. मला वाटलं, चुकलं माझं. वेगवान घ्यायला हवं होतं.

"अडकते गं इथं," मी म्हणाले.

"असू दे," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "अठी मी डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवून दम खात होती."

मग चित्र पुढे सरकलं आणि ती घराकडे वळली.

अकोल्याच्या घरी आता तो कॉम्प्युटर आहे. आई रोज संध्याकाळी अर्धा तास गावात जाते. पडदा अजून काळा झालेला नाही. तिने आणखी सहा चुका काढल्या आहेत आणि मी त्या वहीत बाबांच्या नोंदींखाली लिहिल्या आहेत. दुरुस्त करायला शिकते आहे. पुठ्ठ्याची चार कार्डं अमरावतीला माझ्या टेबलाच्या खणात आहेत.