अँटेना उतरवणाऱ्या मावशी

बायकोच्या मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कपाटाच्या माथ्यावर. घरी आलेल्या पाहुणीने पाण्याचा पेला हातात घेण्याआधी स्टूल मागावं आणि किल्ला सर करावा तसं कपाट सर करावं, हे जगाच्या इतिहासात एकदाच घडलं असेल. वर आमचा वायफायचा डबा होता, आणि त्याला मी बाजारातून हौसेने आणलेला शिडीएवढा अँटेना. "जावईबापू," त्या वरूनच म्हणाल्या, "हा ह्याचा नव्हे." आणि पिळून काढला. आमची ओळख त्यानंतर करून देण्यात आली.

मावशी बिनतारी यंत्रांना मंजुरी देणाऱ्या कचेरीत तपासनीस होत्या. तिथला नियम असा, की यंत्र एकटं मंजूर होत नाही, अँटेनासकट होतं. पुढे त्याच जातीचा, तेवढ्याच किंवा कमी ताकदीचा दुसरा लावलात तर हरकत नाही. दांडगा लावायचा तर पुन्हा तपासणी. लग्नाला गेल्या तरी मावशी आधी माइकवाल्याकडे बघत, मग नवरीकडे.

माझा मेहुणा, म्हणजे त्यांचा लाडका भाचा, आजाऱ्याच्या उशाशी ठेवायच्या बिनतारी घंटा बनवायचा. मंजुरी होती, पण कळ दाबल्याचा संदेश दोन भिंतींपलीकडे पोचेना. गिऱ्हाइकं माल परत करू लागली, कारखाना बुडायला आला. तेव्हा त्याने मोठा अँटेना बसवला आणि जुन्याच मंजुरीवर माल खपवायला मावशींकडे होकार मागायला आला. माय मरो पण मावशी उरो, ह्या म्हणीवर त्याची सगळी मदार होती.

आत एक तारही हलवलेली नाही, असं तो काकुळतीने सांगत राहिला. मावशी त्याच्या पानात वाढत राहिल्या.

"अरे, पोरगं तेच असलं तरी हातात भोंगा दिला की गल्ली झोपत नाही. शेजारच्या यंत्रांनी काय करायचं?"

"तू माझी मावशी आहेस की सरकारची?"

"दहा ते पाच सरकारची. आत्ता तुझी आहे, म्हणून सांगते, रीतसर तपासून घे."

नात्यातलं काम म्हणून तपासणी त्यांनी सहकाऱ्याकडे द्यायला लावली. त्या दिवशी रजा टाकली आणि स्वतःच्याच कचेरीबाहेर बाकावर भाच्याचा हात धरून बसल्या. शिपाई त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन धावला, तर त्याला परत पाठवलं. म्हणाल्या, आज मी अर्जदाराकडची.

घंटा नापास झाली. कारखाना बंद पडला. मेहुणा आता पाण्याच्या टाक्या विकतो.