आबांच्या पाटावर बसणारे अण्णा

"आज मी तुझा बाप हाय. बापाला असं आदळून वाढत्यात का बे?" नामदेवअण्णा पाटावर बसले की पहिल्याच वाढीला हे म्हणायचे. त्या वर्षात दर महिन्याला मी ते ऐकलं.

आमच्याकडे माणूस गेला की पहिलं वर्षभर दर महिन्याला त्याच्या तिथीला मासिक घालतात. गेलेल्याच्या जोडीचा कुणी बोलावून त्याच्या जागी जेवू घालायचा. तो पोटभर जेवून उठला म्हणजे गेलेला जेवला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वयाचा गावात एकच माणूस उरला होता आणि नेमकं त्याचंच तोंड मला बघायचं नव्हतं.

अण्णा दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात संस्थेने पाटोद्याच्या रस्त्याला चारा छावणी चालवली. घरचा कडबा संपल्यावर आबा आपली बैलजोडी घेऊन तिथे गेले, तर अण्णांनी त्यांना फाटकातून परत पाठवलं. लहानपणापासूनच्या सोबत्याला! आबांनी जोडी तशीच बाजारात नेली आणि पडेल त्या भावाला दिली. मी जनावरांचा व्यापारी. एका शेळीपासून धंदा उभा केलेला. माझ्या बापाची जोडी भलत्याच व्यापाऱ्याने नेली आणि मी त्या दिवशी उमापूरकडे दुसऱ्याची जनावरं घासाघीस करून घेत होतो. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आबा सकाळी उठलेच नाहीत.

मला रडू आलं नाही. दहाव्याला केस उतरवले, पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. "काही इच्छा राहिली नव्हती," लोक म्हणाले. मी मान हलवली.

मासिकाला कुणाला बसवायचं, यावर मात्र मी मायशी भांडलो. ती एवढंच म्हणाली, "भावजीच बसतील. दुसरा कुणी नगं."

अण्णा उंच, वाळलेले, टाचांना भेगा. पाय धुवायला मी तांब्या उचलला की पाय मागे घ्यायचे. "टँकरचं पानी हाय. ओला हात फिरव, भागलं." मग ताटावर बसायचे ते सावकाश, काही न टाकता. गवारीची भाजी आली की मायकडे बघायचे. "वैनी, त्याला गवार आवडत न्हवती. तुमाला भिऊन खायाचा." माय तोंडाला पदर लावून हसायची. आबा गेल्यावर ती हसलेली मी पाहिली ती त्या पाटासमोरच.

मी दर वेळी टोचायचो. "घ्या अण्णा, पोटभर घ्या. आमच्या दाराला फाटक न्हाई."

"लई चांगलं हाय. भात वाढ."

"कावून परत लावलं आबाला?"

"जेवताना भांडू न्हाई. जेवून भांडू." आणि जेवण झालं की टोपी झटकून सरळ चालू लागायचे.

वर्षश्राद्ध आलं. त्या दिवसानंतर अण्णा पाटावर बसणार नव्हते, म्हणजे मला उत्तर मिळायचं नव्हतं. ब्राह्मणाचं सगळं उरकलं, पाहुणे ओटीवर बसले, अण्णांपुढे ताट आलं. दोन घास झाले आणि मी खिरीचं पातेलं हातात घेऊन समोर उभा राहिलो.

"आधी सांगा, मग वाढतो."

"सौदा करतो व्हय?" अण्णांनी हात ताटातून काढला आणि ते गुडघ्यावर रेटा देऊन उठायला लागले. ते अर्ध्या ताटावरून उठले असते, तर आबांचं सगळं वर्ष उपाशी गेलं असतं. माय त्यांच्या पाटापुढे आडवी आली.

"भावजी, त्यांच्यासाठी बसा. आन् सांगून टाका याला."

अण्णा बसले.

"एका घरची पाचच जनावरं घ्यायचा नेम होता. तुझ्या बापाच्या नावावर पाच आधीच बांधलेली होती."

मला कळलं. बाजार पडला होता, मी स्वस्तात जनावरं उचलत होतो. त्यातली पाच मीच छावणीत आणून बांधली होती. लिहिणाऱ्याला म्हणालो होतो, घरची हायत, लिव्हून घ्या. जमीन आबांच्या नावावर, म्हणून त्याने आबांचं नाव घातलं.

"मी म्हनलं, पोराची दोन काढ, तुझी बांध. तर म्हनला, त्याच्या धंद्याची जनावरं हायत, त्याला बाजारात तोंड दाखवायचं असतं. आन् म्हनला, त्याला यातलं सांगू नगंस. जिता असता तर म्याबी त्याचं ऐकलं नसतं. मेलेल्या मानसाचं मोडता येत न्हाई."

अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी त्यांच्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही. तो मी तेव्हाही बोलून दाखवला.

"तुमी मला त्याच दिवशी निरोप धाडायला पायजे होता अण्णा. मी माझी दोन हलवली असती."

अण्णांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.

"हलवली असती का?"

माय माझ्याकडे बघत होती. बाजारात समोरच्याचा शब्द पुरा व्हायच्या आत मी आकडा फेकतो. त्या दिवशी पातेलं घेऊन खाली वाकलो आणि खीर वाढली. अण्णा जेवले.