पांढऱ्या गोकर्णीसाठी रोहिणखेडला

रोहिणखेडला मी तिथली जुनी मशीद पाहायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पांढऱ्या गोकर्णीची मुळी आणायला गेलो, आणि तेही चरफडत. नागपुरात मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारची कारकुनी करणारा मी, बहिणीच्या बाळंतपणासाठी पिंपळगाव राजा या गावी घरी आलो होतो. यमूचं पहिलं मूल तीन दिवस अडून गेलं होतं. या खेपेला तिला आधीच खामगावच्या दवाखान्यात ठेवू म्हटलं, तर आई दारात आडवी उभी राहिली.

“दिवस भरलेल्या पोरीले शिवेबाहेर नेऊन राह्यला? कमरेले पांढऱ्या गोकर्णीची मुळी पाह्यजे. त्याबिगर नाही.”

गोकर्ण म्हणजेच अपराजिता. दसऱ्याला तिला पुजून आपण शीव ओलांडतो, मग गरोदर बाईनेही तिच्याच आधाराने ओलांडावी, असं आईचं म्हणणं. गाईच्या कानासारखं इवलंसं फूल. निळी वेल आमच्याकडे कुंपणाकुंपणावर, पांढरी मात्र औषधालाही नाही. ती रोहिणखेडला सखूबाई माळणीच्या बागेत आहे, एवढं आईला ठाऊक होतं.

उजाडताच गावातल्या दगडूकाकांच्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, निघालो. भाडं दीड रुपया, बैलांची सरकी आपली. कुणाला त्या वाटेने जायचं असेल तर भादवा टाळा. काळी माती चाकांना असा लेप देते की घडोघडी उतरून खरवडावी लागते. नाल्याकाठी भाकर-ठेचा खाल्ला आणि काकांना लगेच बैल जुंपायला लावले. तिकडे कळा सुरू झाल्या असल्या तर?

दिवस मावळता पोचलो. वेल विहिरीजवळच्या मांडवावर होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली. मी खुरपं मागितलं, तर सखूबाई म्हणाल्या, “आज नाही भेटत. आज तिले निवतं द्या लागते.”

वेलीपुढे तांदूळ, सुपारी, हळदकुंकू ठेवून ‘उद्या ये माय, बाळंतिणीच्या कामाले’ म्हणायचं, आणि उजाडताना न बोलता मुळी खणायची. माझा संताप झाला.

“बाई, तिकडं माझी बहीण अडली असन!”

“म्हणूनच तं. ओढून नेलेली बाई कोणाच्या घरी नीट नांदते का?”

निवतं दिलं.

सकाळी त्यांनी मुळी खणली, हळदीच्या पाण्याने धुतली आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दिली. “बांधेपर्यंत भुईले टेकवू नको. सत्त्व जाते तिचं.”

परतताना नाल्याला पाणी चढलं होतं. कसेबसे पार झालो, तर वर चढताना चाक रुतलं आणि एक बैल गुडघ्यावर आला. “मूर्तीवानी काय बसला बे! खांदा लाव!” काका ओरडले. मी उडी मारून चाकाखाली वाकलो आणि खिशातली पुडी चिखलात पडली.

मी हे काही मानत नाही. तरी काळजात चर्र झालं. मागे जावं तर आणखी एक निवतं, आणखी दीड दिवस. मी फडक्यावरचा चिखल पुसला, पुडी रुमालात बांधली आणि काकांना बैल हाकायला सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा यमू भिंतीला धरून उभी होती. कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आईने आधी तेच विचारलं, “भुईले टेकली तं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

आईने रुमाल तसाच यमूच्या हातात दिला आणि दोरा आणायला आत गेली. मुळी बांधली, ताजे बैल जुंपले, खामगाव गाठलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. रीतीप्रमाणे आईने आधी मुळी सोडली, मग नात पाहिली.

घरी परतल्यावर मला माझं खोटं टोचत राहिलं. नागपूरला निघायच्या दिवशी यमूला सांगून टाकलं. “यमे, मुळी चिखलात पडली होती.”

“ठाऊक हाय. फडक्याले काळं लागलं होतं. म्यां ते चुलीत घातलं.”

“मंग आईले काऊन नाही सांगितलं?”

यमूने पोरीला खांद्यावर घेतलं.

“सांगितलं असतं तं तू पुन्हा रोहिणखेडले गेला असता, अन् मी इथंच राह्यली असती.”