दाढीच्या ब्लेडनं चिरलेला निवडुंग

काटा बघायचा आणि जात सांगायची, एवढ्या विद्येवर मी बांधांना कुंपणं लावून देण्याचा धंदा उभा केला. बापाकडून मला खुरपंसुद्धा मिळालं नव्हतं.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर काही वर्षांनी लोहाऱ्याच्या एका शाळेनं बाग काढली. कॅक्टसच्या कुळातली चार रोपं हवी होती, फुलावर आलेली. मुख्याध्यापकांशी मी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवला, बैलाचा ठरवतात तसा. ते हसले, पण भाव माझाच झाला. चारही पटली तर शाळेचं सगळं कुंपण माझ्याकडं, असा शब्द मिळाला.

आमच्या बेंबळीहून रोपं बैलगाडीत नेली. हैदराबादेत शिकून आलेल्या सायन्सच्या मास्तरांनी खिशातून दाढीचं ब्लेड काढलं आणि फड्या निवडुंगाचं पिवळं फूल उभं चिरलं.

"शेठ, बी कुठं धरतंय, बघा."

पाकळ्यांच्या खाली, काटेरी हिरव्या बोंडाच्या पोटात, पांढरे दाणे दाटीनं चिकटले होते. ती बोंडं मी लहानपणापासून खात आलो. फूल फळाच्या डोक्यावर बसतं, हे कधी दिसलंच नव्हतं.

मग तीन कडांची तिधारी. ब्लेडवर पांढरा चीक उतरला. इवल्याशा पिवळ्या वाटीतून देठाला एक गोळी बाहेर लोंबत होती. ती चिरली तर आत तीन कप्पे, प्रत्येकात एकच दाणा.

"तीन कप्पे, म्हंजे ही एरंडाची भावकी. कॅक्टस न्हाय."

"काटे हायेत की."

"काटे बाभळीलाबी हायेत. तिलाबी आणायची होती गाडीत."

मुख्याध्यापक पुन्हा हसले. माझं डोकं फिरलं. "फुलं फाडून माल खोटा ठरवता व्हय, मास्तर?"

"मग उरलेली तुम्हीच फाडा," म्हणत त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं.

पाचधारी चिरली. तीन कप्पे. गोल फांदीचा निवडुंग चिरला. तीन कप्पे. ज्यांना फड्याचे सख्खे भाऊ म्हणून मी गावोगाव त्याच्या शेजारी एका बांधावर लावलं, ते त्याचे साधे सोयरेही नव्हते.

शाळेनं फड्या ठेवून घेतला. तीन रोपं घेऊन मी परत निघालो. रोपं गाडीत होती, कुंपणाचा शब्द मोडला होता. मास्तरांना मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. हे मी अजून विसरलेलो नाही.

बेंबळीच्या अलीकडं गाडी थांबवली. बांधावर मीच लावलेली तिधारी फुलली होती. एकेक गोळी चिरत गेलो, एखादी तरी वेगळी निघेल म्हणून. निघाली नाही.

पुढं फूल चिरल्याशिवाय मी एकाही रोपाची जात सांगितली नाही. ब्लेड मास्तरांचंच वापरलं. ते त्यांनी मागितलं नाही, मीही दिलं नाही.