दहा सेकंदांचा स्फोट, सात महिन्यांचा दाखला

निवृत्त कारकुनाकडे दोनच गोष्टी साठत जातात. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि कचेरीतले किस्से. पट्ट्या बायको फेकून देते. किस्से ऐकून म्हणते, "यात हसण्यासारखं काय आहे?" बरोबर आहे तिचं. मीही ते हसवायला सांगत नाही. कचेरी कुठली ते विचारू नका, माझी पेन्शन चालू आहे.

*

वरोरच्या जयाबाई आमच्या डहाणूच्या घरी वर्षानुवर्षं मासळी घेऊन येतात. २०१४च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीला, हेमांगीला, पुण्याला संशोधनासाठी जागा मिळाली. विषय : गॅमा किरणांच्या स्फोटांची कार्यक्षमता. प्रवेश तात्पुरता होता. जूनअखेर जातीचा दाखला दिला नाही, तर जागा दुसऱ्याला.

मी विचारलं, "नक्की काय शोधणार?"

"काका, एखादा मोठा तारा कोसळतो तेव्हा त्यातून एक झोत सुटतो. सूर्य जन्मभरात देईल तेवढी ऊर्जा दहा-वीस सेकंदांत फेकतो. त्या झोतातली किती ऊर्जा गॅमा किरणं होऊन बाहेर पडते आणि किती झोतातच राहते, ते मोजायचं."

"आणि दाखला?"

"अर्ज केलाय. पंधरा दिवस म्हणाले."

तिथले पंधरा दिवस किती लांबतात, ते मला ठाऊक होतं. त्याच कचेरीत बत्तीस वर्षं काढली होती.

*

एकदा जयाबाई आमच्या पायरीवर पापलेट साफ करत होत्या आणि हेमांगी मला समजावत होती. हे स्फोट फार लांबून दिसतात. आधी लोकांना वाटलं, ऊर्जा चहूबाजूंना जाते. तसा हिशेब केला तर आकडा अशक्य मोठा येई. मग लक्षात आलं की हा अरुंद झोत आहे आणि तो नेमका आपल्या तोंडावर आलाय.

जयाबाईंनी मान वर केली. "तुझे बाबा काय सांगतात? समुद्रात अंधारात कुणी बॅटरी तोंडावर मारली की वाटतं जहाज आलं. जवळ जावं तर शेजारचा, छोट्या होडीत. एवढं कळायला शास्त्रज्ञ लागले?"

"लागले, आई. बरीच वर्षं लागली."

"मग त्या कचेरीतल्यांना नावं ठेवू नको."

*

दाखल्याचं टेबल अव्वल कारकून साळवींकडे. टिपणी लिहायला त्यांना मीच शिकवलं होतं. नोकरीतली माझी सर्वांत मोठी चूक ती.

तीन महिन्यांनी अर्ज शेरा घेऊन परत आला : "अर्जदाराचे आजोबा जिल्हा ठाणे येथील. अर्जदार जिल्हा पालघर येथील. सबब कुटुंब स्थलांतरित. स्थलांतराचा पुरावा जोडावा."

आदल्याच ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन आमचा पालघर जिल्हा झाला होता. मी साळवींकडे गेलो.

"साळवी, घर तेच आहे. दारातली विहीरसुद्धा तीच. या हिशेबाने तुम्हीही ऑगस्टमध्ये खुर्चीसकट स्थलांतरित झालात."

साळवी शांतपणे म्हणाले, "माझा दाखला कुणी मागितलेला नाही, राऊतसाहेब."

*

एप्रिलमध्ये हेमांगी आणि मी कचेरीच्या बाकावर बसलो होतो. पंखा बंद. तिला बोलतं ठेवावं म्हणून विचारलं, "झोतात उजेड होतो कसा?"

"एक मत असं आहे, की झोतात पदार्थाचे थर एकामागून एक सुटतात. मागचा वेगवान थर पुढच्या हळू थरावर आदळला की त्या टकरीत उजेड होतो. सगळे साधारण एकाच वेगाने चालले, तर टक्कर किरकोळ, उजेडही किरकोळ. ऊर्जा असते, पण नुसती पुढे सरकत राहते."

मी आत पाहिलं. तिची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालली होती. कुणी कुणावर आदळत नव्हतं.

"पण काका, काही स्फोट गणितात बसतात त्याहून फार कार्यक्षम दिसतात. एवढी ऊर्जा बाहेर पडते कशी, हे मोठं कोडं आहे."

"पोरी," मी म्हटलं, "असलं कोडं इथल्या कुणाला पडणार नाही."

*

मे महिन्यात तलाठ्याने वरोरला जाऊन पंचनामा केला. सरळ माणूस. त्याने लिहिलं : "घर, विहीर व चिंचेचे झाड जागेवर आढळले. कुटुंब हलल्याचे दिसत नाही. जिल्हा बदललेला आहे." खाली दोन पंचांच्या सह्या.

साळवींनी कचेरीच्या कागदावर उत्तर दिलं : "जिल्हा बदलल्याचा पुरावा जोडावा."

त्या कागदाच्या माथ्यावरच छापलेलं होतं, जिल्हा पालघर. मी तोच कागद पुरावा म्हणून जोडला. तो त्यांनी निमूटपणे स्वीकारला, याचा मला जास्त राग आला.

*

जूनचा शेवटचा सोमवार. दाखला मंगळवारी संध्याकाळपर्यंत पुण्यात द्यायचा होता. हेमांगी तिकीट काढून डहाणू स्टेशनवर थांबली होती. मी आणि जयाबाई कचेरीत. त्या बाजारातून तशाच आल्या होत्या, मासळीच्या पाटीसकट.

साळवींनी ड्रॉवरमधून दाखला काढून टेबलावर ठेवला. "बघा. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं झालंय. आम्ही कुणाचं काम अडवत नाही."

जयाबाईंनी हात पुढे केला.

"आज नाही. वाटप बुधवारी."

"साहेब, उद्या संध्याकाळी पोरीची जागा जाते."

"बाई, नियम सर्वांना सारखा."

मी दाखल्यावरची तारीख वाचली. सही होऊन अठरा दिवस झाले होते. "साळवी, मधे दोन बुधवार गेले की."

"एका बुधवारी मीटिंग होती. एका बुधवारी मी रजेवर होतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जयाबाईंनी पाटी खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले, अगदी सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग टेबलावरचा दाखला उचलला, चार घड्या घातल्या, चोळीत सरकवला आणि साळवींच्या समोर उभ्या राहिल्या.

"आता ये," त्या म्हणाल्या, "घे परत."

मागची रांग माना उंचावून बघू लागली. साळवींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. त्यांनी रांगेकडे बघून सांगितलं,

"जेवणाची सुट्टी झाली आहे."